बुधवारचं मैदान

परतूर, मुलींचं वसतिगृह
२० जुलै

ति. स्व. मीनामावशीस,
शालूचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, मी बरी आहे. इथं मोबाइल ठेवू देत नाहीत आणि रविवारी वसतिगृहाच्या बाईंच्या फोनवरून बोलायचं तर बाई स्पीकर लावून शेजारीच बसतात. आईशी तेवढ्यात जेवलीस का, झोपलीस का, एवढंच होतं. तुझ्याशी बोलायला मला जागा लागते, म्हणून पोस्टातून पाकिटं आणून ठेवलीत. तूही पत्रच लिही.

खबर अशी की मी निवडून आले. आमच्या शाळेत दरवर्षी शालेय मंत्रिमंडळ असतं, पण आजवर सरच नावं सांगायचे. यंदा पहिल्यांदा मतदान झालं. संगणकाच्या सरांनी मोबाइलचंच मतदान यंत्र केलं आणि बोटाला मार्करची शाई लावली. संस्थेच्या अध्यक्षांचा नातू पार्थ मुख्यमंत्री झाला, कारण त्याच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. मी नववीतून क्रीडामंत्री झाले. माझ्यासमोर दोन मुलं होती. मुलांची मतं दोघांत वाटली गेली आणि मुलींची झाडून सगळी मला पडली. पार्थ म्हणाला की ही नशिबाची गोष्ट आहे. मी त्याला म्हटलं, नशीब न्हाई, बेरीज आहे.

मी एकच वचन दिलं होतं, मुलींना मैदान मिळवून देईन. खेळाच्या तासाला मुलं क्रिकेट खेळतात आणि आम्हाला कडुनिंबाखाली बसून रांगोळीचे नमुने काढायला सांगतात. आमच्या शाळेतून तालुक्याच्या खो-खो स्पर्धेला मुलींचा संघ कधीच गेला नाही. यंदा स्पर्धा सप्टेंबरात आहे. आम्ही वसतिगृहामागं, कपडे वाळत घालायच्या जागेत खेळतो. एका बाजूला टाकीचा पाइप हा आमचा खांब आणि दुसऱ्या बाजूला शेवग्याचं झाड.

माझ्या खोलीत दहावीची भावना आहे. मावशी, ती खांबावर झेपावते तेव्हा बघणाऱ्याचा श्वास थांबतो. दहावीनंतर तिला घरचे पुढं पाठवणार नाहीत, हे तिनंच मला कोरडेपणानं सांगितलं. म्हणजे शाळेच्या नावानं खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष आहे. मला मतं मागायला सगळ्यात जास्त तीच फिरली.

काकांना नमस्कार सांग. माझ्यावरची तुझी माया आहे तेवढी राहू दे, आता मंत्री झाले म्हणून थोडी वाढव.

तुझी,
शालू

*

टेंभुर्णी
२७ जुलै

चि. शालूस, मीनामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा गिऱ्हाईक होतं. खताची गोणी काट्यावर तशीच ठेवून मी आधी पत्र वाचलं. तुझे काका म्हणाले, कुणाचं आहे. मी म्हटलं, सरकारकडून आलंय, मंत्र्याचं. मंग दिवसभर जो आला त्याला त्यांनीच सांगितलं. आपल्या घरात ग्रामपंचायतीचा मेंबरसुद्धा कुणी झाला न्हाई, आणि तू एकदम मंत्री.

पण एक सांगते. हे दुकान चालवून मला एवढं कळलंय की जो गप बसतो त्याचा माल शेवटी उतरतो. कंपनीचा माणूस आला की मी आधी आवाज चढवते, मंग चहा विचारते. तू स्वभावानं ताईवर गेलीस, मऊ आहेस. खुर्ची मिळाली म्हणून काम होत न्हाई, खुर्ची वाजवावी लागते.

भावनाला माझे आशीर्वाद सांग. दाजींना वाटूरला फोन केल्ता. त्यांना तुझं कौतुक आहे, पण तोंडानं म्हणाले की अभ्यासाचं काय. ते तसंच म्हणणार.

जेवण बराबर कर. दर रविवारी तुझ्या अक्षराची वाट बघीन, तेवढा हक्क माझा धर.

तुझी,
मीनामावशी

*

परतूर
१७ ऑगस्ट

ति. स्व. मीनामावशीस,
शालूचा सा. न. वि. वि.

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता तेच लिहिते.

क्रीडामंत्र्याचं काम काय असतं ते मला कळलं. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांना ओवाळायचं ताट मी धरलं. त्याआधी कबड्डीच्या मैदानावर फक्की टाकून रेषा आखल्या, मुलांसाठी. मुलांच्या सामन्यात पाणी दिलं. बिल्ला मात्र छान आहे, त्यावर सोनेरी अक्षरांत पद लिहिलंय. मंत्रिमंडळाची बैठक एकदाच झाली. तीत पार्थनं सरांनी दिलेला कागद वाचला, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि सर म्हणाले की लोकशाही अशी असते.

मी हेडसरांना भेटले. त्यांनी अर्ज लिहून आणायला सांगितलं. नेला, तर संपत सरांकडं दे म्हणाले. संपत सर आमचे खेळाचे शिक्षक आहेत, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, माझं काही म्हणणं न्हाई, पण मैदान कुणाला द्यायचं ते हेडसर ठरवतात. मी परत वर गेले. हेडसर म्हणाले की बाळ, मैदान दिलं तरी स्पर्धेला मुलींसोबत बाई शिक्षिका लागते, ती आपल्याकडं कुणी तयार नाही, मग मैदान घेऊन करायचं काय. मी म्हटलं, नुसतं खेळायचं. ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

शाळेत शिक्षिका दोनच. एकींची रजा चालू आहे. दुसऱ्या हिंदीच्या वंदना मॅडम. त्यांचं मूल लहान आहे आणि घरी सासूबाई कडक आहेत. मी विचारलं तेव्हा त्या न्हाई म्हणाल्या, पण माझ्याकडं न बघता म्हणाल्या, त्यामुळं मला वाटतं की त्यांच्या मनात आहे. मी आणि भावना त्यांच्या घरी जाऊन येणार आहोत. सासूबाईंशीच बोलायचं ठरवलंय. हे हळूच करायचं काम आहे.

भावना रोज विचारते, काय झालं. मी रोज सांगते, होईल. मला आता त्या शब्दाची चीड येऊन राह्यली.

मावशी, तू चिडशील, मला माहीत आहे. पण तू यात पडू नकोस. मी फक्त मन मोकळं करून राह्यले. ऐकून घेतलंस तरी तुझे उपकार.

तुझी,
शालू

*

टेंभुर्णी
२४ ऑगस्ट

चि. शालूस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

परवा पोळा झाला. सगळं गाव बैल सजवून राह्यलं होतं आणि मी तुझं पत्र घेऊन ओट्यावर बसल्ते.

पोरींची मतं चालतात आणि पोरी मैदानावर चालत न्हाईत, हा कुठला न्याय. आणि ती तुझी वंदना मॅडम. बाई असून पोरींसोबत एक दिवस जाता येत न्हाई का तिला. मूल तर मलाही होतं, त्याला गल्ल्यामागं झोपवून मी दुकान चालवलं. तू हळूच हळूच म्हणतेस. तोवर सप्टेंबर निघून जाईल आणि ते लोक म्हणतील, आता पुढच्या साली बघू.

तू लहान आहेस म्हणून ते हसले. माझ्यासमोर हसतील का, ते मला बघायचंय. शनिवारी जालन्याला माल बघायला जायचंच आहे, तिथून परतूर किती लांब. तू काळजी करू नकोस. तुला काही बोलायचं काम पडणार न्हाई.

काका आशीर्वाद सांगतात. मावशी पाठीशी आहे एवढं धरून निवांत झोप.

तुझी,
मीनामावशी

*

वाटूर
२ सप्टेंबर

सौ. मीना हिस भागवतचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू बोलतेस आणि माझं राहून जातं. हे मात्र तुला शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

काल शाळेतून बोलावणं आल्तं. सोयाबीनमधलं काम टाकून गेल्तो. हेडसरांनी मला बसा म्हटलं, पण पाणी विचारलं न्हाई, तेव्हाच कळलं. ते म्हणाले की तुमच्या मेहुणीबाई शनिवारी आल्त्या, शिक्षकांच्या खोलीत उभ्या राहून सगळ्यांदेखत बोलल्या, पोरींची मतं खाता आणि मैदान देत न्हाई म्हणाल्या. वंदना मॅडमना तर तोंडावर विचारलं की तुम्ही कसल्या बाई. त्या मॅडम रडत घरी गेल्या. हेडसरांचं म्हणणं, तुमची मुलगी शाळेच्या गोष्टी बाहेर सांगते. शालूचा बिल्ला त्यांनी काढून घेतला. मी समोर होतो. तिनं पिन उघडून तो टेबलावर ठेवला.

मी काय केलं, तर हात जोडले. म्हटलं, चूक झाली, पोरीला शाळेत राहू द्या. आता वाटतं, कशाची चूक म्हणालो मी. पण त्या वेळेला डोक्यात एकच होतं की वाटूरहून तिला रोज पाठवायचं कसं, वसतिगृह सुटलं तर शाळा सुटेल.

बाहेर आल्यावर शालूला म्हटलं, सोड हे, अभ्यास कर. तिनं मला विचारलं की बापू, तुम्हाला नेमकं काय झालं ते तरी माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. तुला तरी होतं का, मीना?

तू पोरीसाठीच गेलीस हे मी जाणतो. माझी आई म्हणते, मीनाला काही बोलू नको, तिचं मन मोठं आहे. आहेच. पण मोठ्या मनाच्या माणसानं दारात उभं राहून आधी आतलं ऐकावं, असं मला वाटतं. दुसरा राग न्हाई. दिवाळीला यायचं ते यायचंच.

तुझा,
भागवत

*

परतूर
७ सप्टेंबर

ति. स्व. मीनामावशीस,
शालूचा नमस्कार.

या पत्राला मी चार वेळा सुरुवात केली. वाकडं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण सरळ लिहिलं तरी ते वाकडंच दिसतंय.

तुला माहीत नसलेली गोष्ट सांगते. तू आलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि भावना वंदना मॅडमच्या घरी गेलो होतो. त्यांच्या सासूबाई, रमाबाई, आधी दारातूनच बोलत होत्या. भावनानं त्यांच्या नातवाला कडेवर घेतलं आणि मी त्यांच्याबरोबर गवारीच्या शेंगा मोडत बसले. पुष्कळ वेळानं त्यांनी विचारलं की खो-खोत पडलं तर लागतं का. भावनानं गुडघे दाखवले. त्या हसल्या. म्हणाल्या की एका दिवसाचं काय, पोराला मी सांभाळीन, जाऊ दे हिला. वंदना मॅडम आतून सगळं ऐकत होत्या. आम्हाला सोडायला त्या फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, सोमवारी मी स्वतः हेडसरांना सांगते की मी जाते.

मावशी, सोमवारी. तू शनिवारी आलीस.

मी तुला त्या रविवारी हेच लिहिणार होते. पाकिटावर तुझा पत्ता घालून ठेवला होता.

आता वंदना मॅडम माझ्याकडं बघत नाहीत. त्यांना वाटतं, मी त्यांची निंदा केली. मी फक्त त्यांची अडचण लिहिली होती, निंदा तू केलीस, पण हे त्यांना सांगायचं कसं. संघाची नावं पाठवायची मुदत गुरुवारी संपली. मुलांची नावं गेली. आमची गेली नाहीत. संपत सर जिन्यात भेटले, म्हणाले की मी थांबलो होतो गं, पण वरून काही आलं न्हाई.

भावनाला मी खोलीत सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सगळ्या घड्या पूर्ण केल्या, मग म्हणाली की मतं मागायला मी उगाच फिरले. त्यानंतर ती मागच्या जागेत खेळायला आली नाही. बोलते, पण जेवणाची घंटा झाली, दार लाव, एवढंच.

मी तुला स्पष्ट लिहिलं होतं की यात पडू नकोस. सर माझं ऐकत नाहीत कारण मी लहान आहे. तू का ऐकलं नाहीस?

लोभ कमी झाला असं नाही. पण आज तो मागावासा वाटत नाही.

शालू

*

टेंभुर्णी
१४ सप्टेंबर

चि. शालूस, अनेक आशीर्वाद.

दाजींचं पत्र आलं, त्यावर मी दोन दिवस भांडत होते, मनातल्या मनात. तुझं आलं आणि भांडण संपलं.

शनिवारी मी घरी आले तेव्हा खुशीत होते. तुझ्या काकांना सांगितलं की कसं सुनावलं. एकही मास्तर तोंड वर करून बोलला न्हाई, असं मी सांगत होते. ते न बोलण्याचं कारण मी वेगळंच समजले.

तू विचारलंस, का ऐकलं न्हाई. तुला त्रास झाला की मला बसवत न्हाई, एवढंच. हे उत्तर पुरेसं न्हाई, तेही कळतं.

माझा हात दर तासाला फोनकडं जातो. वाटतं, त्या मॅडमना फोन लावावा, हेडसरांना लावावा. तुझ्या काकांनी विचारलं की शालूनं लाव म्हटलंय का. मंग ठेवून देते. आता तूच सांग, मी काय करू. तू म्हणशील तेवढंच करीन. काहीच करू नको म्हणालीस तर तेही करीन, जरी ते मला आयुष्यात जमलं न्हाई.

भावनाचं वाचून मला रात्री पडून राहवेना. तिला माझं काही सांगू नकोस, ते तिच्या काय कामाचं.

लोभ मागावासा वाटत न्हाई म्हणतेस, तर मागू नको. तो इथं तुझ्या नावानं पडून आहे, मागायचं काम न्हाई.

तुझी,
मीनामावशी

*

परतूर
१२ ऑक्टोबर

ति. स्व. मीनामावशीस,
शालूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून महिना होत आला. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण इथलं काहीतरी एका बाजूला लागू दे, मग लिहू, असं ठरवलं होतं. तू कुणालाही फोन केला नाहीस, हे मला आईकडून कळलं. ते तुला किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी वंदना मॅडमकडं एकटी गेले. दार रमाबाईंनी उघडलं. मॅडम बाहेर आल्या आणि उभ्याच राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, तुला काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं. त्या म्हणाल्या की अडचण खरी होती, पण ती सगळ्या शिक्षकांसमोर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लागली, त्याचं दुखलं. मी विचारलं की पुढच्या वर्षी याल का. त्या बघू म्हणाल्या. पण या वेळी माझ्याकडं बघून म्हणाल्या.

दसऱ्याच्या आधी हेडसरांनी मला बोलावलं. पार्थ त्यांना म्हणाला होता की मंत्रिमंडळाच्या फोटोत एक जागा रिकामी दिसते, आणि फोटो संस्थेला पाठवायचा आहे. हेडसर म्हणाले, बिल्ला परत मिळेल, पण प्रार्थनेच्या वेळी माफी वाचायची. माफी त्यांनी लिहून ठेवली होती. त्यात होतं की मी शाळेबद्दल बाहेर खोटं सांगितलं. मी म्हटलं, सर, खोटं हा शब्द मी वाचणार न्हाई. ते म्हणाले, मग तुझ्या शब्दांत आण.

मी आणलं. शाळेतली गोष्ट शाळेत मिटायच्या आधी माझ्याकडून बाहेर गेली, त्यामुळं एका मॅडमचा अपमान झाला, त्याबद्दल मी माफी मागते, असं लिहिलं. खाली एक वाक्य आणखी लिहिलं, की मुलींना मैदान मिळत नाही हे मात्र खरं आहे. हेडसरांनी ते वाक्य खोडलं. मी म्हटलं, सर, ते खोडायचं असेल तर ते खोटं करून टाका. आम्हाला मैदान द्या, मग मला ते वाचताच येणार न्हाई. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. मला वाटलं, आता वसतिगृहही गेलं. मग त्यांनी संपत सरांना बोलावलं आणि विचारलं की बुधवारी खेळाच्या तासाला मुलांना मागच्या पटांगणात नेता येईल का. संपत सर एवढ्या जल्दी हो म्हणाले की हेडसरांनी त्यांच्याकडं चमकून बघितलं. मी शनिवारही मागितला. तो मिळाला नाही.

मी माफी वाचली. मुलं हसली. काही मुलींना वाटलं की मी मोडले. खरं सांगते, खाली उतरले तेव्हा मलाही तसंच वाटलं. आठवड्यातला एक तास, तोही स्पर्धा होऊन गेल्यावर. आमची मुलं पहिल्याच सामन्यात हरून आली आणि त्यांचं स्वागत झालं. वंदना मॅडम मैदानाच्या कडेला आल्या की आमच्यातल्या मुली कुजबुजतात. पुढच्या वर्षी मतदान होणार नाही, सरच नावं सांगणार, असंही ऐकलंय. राग जात नाही मावशी. तो कुणावर काढायचा तेही आता नीट सांगता येत नाही.

पहिल्या बुधवारी आम्ही मैदानावर गेलो. खरे खांब, खऱ्या रेषा. भावना आली नाही. मी तिला सकाळी विचारलं होतं. ती म्हणाली, तुला मैदान मिळालं, मला काय मिळालं. दुसऱ्या बुधवारीही ती आली नाही. मी विचारलंही नाही.

परवाच्या बुधवारी आम्ही खेळत होतो. बसायला एक मुलगी कमी होती, म्हणून मधला एक चौक रिकामाच होता. सातवीच्या मुली धावत होत्या आणि मी पाठलाग करत होते. भावना ग्रंथालयातून निघून दप्तर घेऊन वसतिगृहाकडं चालली होती. कडेला थांबली. थोडा वेळ बघत राहिली, मग मला तिथूनच म्हणाली की तू खो फार उशिरा देतेस, पोरगी पुढं निघून जाते. आवाजात गोडवा बिलकुल नव्हता. मी म्हटलं, मंग दाखव. तिनं दप्तर कडुनिंबाच्या बुडाशी टेकवलं, चपला काढल्या आणि त्या रिकाम्या चौकात येऊन बसली, माझ्याकडं पाठ करून.

मी एक पूर्ण फेरी घेतली. धावणारी मुलगी तिच्यासमोर आली, तेव्हा मागून जाऊन मी भावनाच्या पाठीवर हात मारला आणि जोरात खो म्हटलं. ती उठली.

दिवाळीच्या सुट्टीत मी वाटूरला असेन. तू ये. आल्यावर आधी माझं सगळं ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल. लोभ तिथं पडून आहे म्हणालीस, तो येताना घेऊन ये.

तुझी,
शालू